नाव न घालता

सुकन्या कोकरेच्या एम.फिल.चा विषय लांबलचक होता. सहकारी संस्थांच्या कारभारात अधिकाराच्या जागेवर स्त्रिया किती आहेत आणि त्यांच्याविषयी लोकांच्या मनात काय ठसून बसलेलं असतं, असा. मोरगावात तिच्या वडिलांना, तात्याबांना, तो काही केल्या पाठ होईना. पारावर कुणी विचारलं की ते सांगत, "आमची सुकन्या साहेब झालेल्या बायांची खानेसुमारी करतीया."

एका अर्थी ते खरंच होतं. शहाण्णवच्या पावसाळ्यापासून ती बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एस.टी.नं हिंडत होती. कारखाने, बँका, पतसंस्था, दूध संघ. खांद्याला पिशवी आणि पिशवीत बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली. पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं, निदान पंचवीस अधिकारी स्त्रिया गाठा. चार महिन्यांत तिला टायपिस्ट भेटल्या, टेलिफोन बघणाऱ्या भेटल्या, कपबशा विसळणाऱ्या तर पुष्कळ भेटल्या. जिच्या सहीनं काही घडतं अशा बाया मात्र जेमतेम अकरा निघाल्या. त्यातही एक अख्खं ठिकाण जिच्या हाताखाली चालतं अशी एकच. नीराकाठ दूध संघाचं कळंबजवळ एक शीतकरण केंद्र होतं. गावोगावचं दूध तिथं येई, थंड होई आणि टँकरनं पुढं जाई. त्या केंद्राच्या दारावर पाटी होती : न. ब. खलाटे, प्रभारी व्यवस्थापक.

पहिल्या दिवशी सुकन्या पोचली तेव्हा सकाळचं दूध उतरत होतं. टेम्पो ओट्याला लागलेले, कॅनचा खणखणाट चाललेला, आणि ओट्यावर चाळिशी ओलांडलेली एक उंच, काटक बाई पदर खोचून उभी. ती प्रत्येक कॅनचं झाकण उघडून नाकाशी धरी आणि नुसती मान हलवी. त्या मानेवर कॅन आत जाई किंवा बाजूला पडे. एका कॅनपाशी ती थांबली. झाकण पुन्हा हुंगलं.

"हे घ्यायचं न्हाय."

टेम्पोबरोबर आलेला गडी नवखा होता. तो उसळला, "नुसत्या वासावर न्हाय म्हणता व्हय? साहेब कुठं हायत?"

"बोला."

"तुमच्याशी न्हाय, साहेबाशी बोलायचंय मला."

बाईंनी बोटानं आतली खोली दाखवली. आत रामहरी सुपरवायझर बसला होता. गडी तावातावानं आत गेला आणि दोन मिनिटांत तोंड पाडून बाहेर आला, कारण रामहरीनं त्याला सांगितलं होतं की साहेब म्हणजे त्याच. तरीसुद्धा तो बाईंकडं बघेना. मशीनवरच्या सोनबाला म्हणाला, "मग सांगा तुमच्या बाईला, दूध परत नेतो म्हणावं."

सोनबा हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी चमचाभर दूध काचेच्या नळीत घेऊन तापवलं, फाटलेलं त्याच्या डोळ्यांपुढं धरलं आणि पुढच्या कॅनचं झाकण उघडलं.

काम उरकल्यावर त्यांनी सुकन्याला खुर्ची दिली आणि प्रश्नावली चष्मा लावून शांतपणे वाचली. अकराव्या प्रश्नाशी त्या अडल्या. 'निर्णय घेताना आपल्या भावना आड येतात का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही.'

"हा प्रश्न गड्यांना बी हाय का?"

"नाही. त्यांची प्रश्नावली वेगळी आहे."

"त्यांना काय इचारलंय?"

सुकन्या ओशाळली. "स्त्री अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायला आवडेल का, असं."

"म्हंजे दोन्हीकडं चौकशी आमचीच," बाई म्हणाल्या आणि कागद तिच्याकडं सरकवला. "खुणाबिणा करणं मला जमायचं न्हाय. तू बसत जा हितं. जमंल तसं बोलू."

सुकन्या बसत गेली. त्या हिवाळ्यात ती सहा-सात वेळा कळंबला गेली. सकाळची गर्दी ओसरली की बाई बोलत. सांगवीच्या शेतकऱ्याची ही चौथी मुलगी, बारामतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्याविषयी त्या याहून जास्त बोलल्या नाहीत. दूध तपासनीस म्हणून लागल्या आणि आधीचे साहेब निवृत्त झाल्यावर केंद्र त्यांच्याकडं आलं, ते 'प्रभारी' म्हणून. त्याला नऊ वर्षं झाली होती. त्यांच्यामागून आलेले दोघं-तिघं दुसऱ्या केंद्रांवर वर्षा-दोन वर्षांत कायम झाले होते.

"न. म्हणजे काय हो, ताई?" एकदा सुकन्यानं विचारलं. मॅडमची ताई कधी झाली ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"नकोशी." बाईंनी सहज सांगितलं. "तीन पोरींच्या पाठीवर झाले. बापानं हेच ठेवलं. शाळेत मास्तर म्हणले, बदलून देतो. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. पाटीवर नुसतं न. लावलं की भागतंय."

दुसऱ्या एका दिवशी त्या म्हणाल्या, "मी कडक वागले की बाई कजाग. समजुतीनं घेतलं की बाईला जमत न्हाय. रामहरी कडक वागला तर लोक म्हणत्यात, माणूस शिस्तीचा हाय. शब्दसुदिक येगळं हायत बघ."

सुकन्यानं लिहून घेतलं. पण नंतर त्यांनी जे सांगितलं त्या वेळी तिची लेखणी जागच्या जागी थांबली.

"एक्याण्णवच्या उन्हाळ्यात यंत्र बंद पडलं. बारा हजार लिटर दूध टाकीत. त्याच दुपारी सांगवीवरनं निरोप आला, आईचं काय खरं न्हाय. मी बर्फाच्या लाद्या मागवल्या, दूध वाचवलं, टँकर भरून लावून दिला, आन् मग गेले. तवर आई गेली हुती. गाव म्हणालं, ही बाई हाय का दगुड? आन् आधीच गेले असते, तर संघ म्हणाला असता, बाईमाणूस शेवटी, घराकडं पळाली." त्यांनी सुकन्याच्या प्रश्नावलीकडं बोट केलं. "मी काय करायला पायजे हुतं, हाय का तुझ्या कागदावर?"

कागदावर नव्हतं.

चहाची गोष्ट त्यांनी अगदी शेवटच्या भेटीत सांगितली, तीही जाता जाता. दर महिन्याला बारामतीच्या मुख्य कचेरीत केंद्रप्रमुखांची बैठक होई. सहा पुरुष आणि या. संघाचे अध्यक्ष सर्जेराव आबा खुर्चीवर बसले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "ताई, जरा चहाचं बघता का?"

"मी उठते. खाली जाऊन सांगून येते. येईस्तवर दोन विषय होऊन गेल्यालं असत्यात. नऊ वर्षं."

"आबांना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? चहा सांगत न्हाय म्हणू? सांगाया गेलं की गोष्ट बारकी वाटती. म्हणून तर ती आत सलती."

"हे लिहू का, ताई?"

बाईंनी विचार केला. "लिही. पण नाव घालू नको."

"नाव कुठंच येणार नाही. आमची तशी पद्धतच असते."

"मग मी पुस्तकात येणार म्हण की!" बाईंचा चेहरा एकदम उजळला. सुकन्यानं त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "नाव नसंना का. तसं बी माझ्या नावात काय हाय!"

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये महिला दिनाला बारामतीच्या एका कॉलेजात चर्चासत्र झालं. सुकन्यानं निबंध वाचला. टक्केवारीची कोष्टकं चालू असेपर्यंत सभागृहात चुळबुळ होती. 'इंदापूर तालुक्यातील एका दूध शीतकरण केंद्राच्या प्रमुख महिला सांगतात', असं म्हणून तिनं चहाची गोष्ट वाचली, तशी आधी हशा पिकला. मग बायकांच्या रांगा हळूहळू गप्प झाल्या. एका वयस्कर मुख्याध्यापिकेनं पदर डोळ्यांना लावला. टाळ्या बराच वेळ वाजल्या. सर म्हणाले, "हा तुमच्या प्रबंधाचा प्राण आहे."

शेवटी शिफारशी होत्या. निबंध म्हटला की शिफारशी हव्यात, म्हणून तिनं त्या एका जुन्या अहवालावरून घेतल्या होत्या आणि घाईघाईनं वाचून टाकल्या.

सभागृहात तालुक्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर बसलेला तिला ठाऊक नव्हता. गुरुवारी अंक निघाला. वर मोठ्या अक्षरांत : 'दूध संघात ताईंनी फक्त चहाच सांगायचा का?' संघाचं नाव नव्हतं, बाईंचं नव्हतं, आबांचंही नव्हतं. सुकन्या हरखून गेली. आपलं काम छापून आलं म्हणून ती अंक घेऊन मोरगावला गेली आणि आई ज्वारी निवडत बसली होती तिथंच तिला वाचून दाखवला.

आईनं, साखरबाईंनी, वीस वर्षं मेंढरांमागं कोकणापर्यंत पायपीट केली होती. मुक्काम कुठं टाकायचा, पाणी कुठल्या ओढ्याचं, घोड्यावर आधी काय लादायचं, सगळं त्या ठरवत. कारभारी मात्र तात्याबांना म्हणत. मेंढरं विकून कुटुंब शेतीला लागलं, तरी त्यांची बारीक नजर गेली नव्हती.

"बाईचं नाव न्हाय घातलं?"

"नाही गं. इंदापूर तालुक्यातल्या दूध केंद्राच्या प्रमुख, एवढंच."

"अशा किती हायत्या तितं?"

"एकच."

साखरबाईंचा सुपातला हात थांबला. "सगळं खांड काळं आन् त्यात येकच पांढरं मेंढरू. त्याला खूण करावी लागती का गं?"

सुकन्यानं अंक खाली ठेवला. चार महिने दोन तालुके पालथे घालून तिनं स्वतःच शोधून काढलं होतं, की अशी दुसरी कुणी नाही. आणि तिनंच तसं लिहिलं होतं.

सोमवारी पहिल्या एस.टी.नं ती कळंबला गेली. बाई ओट्यावरच होत्या. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि झाकण उचललं. "काम चालू हाय," एवढंच म्हणाल्या. सोनबानं तिला बाजूला घेतलं.

"परवा बैठक झाली. आबा म्हनले म्हनं, आज चहा मीच सांगतो बाबांनो, न्हायतर पेपरात यायचं. समदी हासली. म्याडम तवापास्नं कुणाशी धड बोलल्याच न्हाईत."

पंधरा दिवसांत हुकूम निघाला. संघात नवा 'महिला विकास कक्ष' उघडण्यात येत असून श्रीमती खलाटे यांची त्याच्या प्रमुखपदी नेमणूक करण्यात येत आहे. कार्यालय बारामती. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती. कळंब केंद्राचे व्यवस्थापक म्हणून रामहरी. प्रभारी नव्हे, कायम.

सुकन्या सर्जेराव आबांच्या कचेरीत गेली. वाटेत तिनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. आबांनी उठून तिला बसायला सांगितलं.

"आबा, खलाटे ताईंची बदली..."

"बदली कशाची? बढती म्हणा. नऊ वर्षं प्रभारी हुत्या, आता पाटीवर प्रमुख लागलं." त्यांनी खणातून चर्चासत्राची पुस्तिका काढली. एका ओळीखाली तांबड्या शाईची रेघ होती. "तुमच्याच अभ्यासात हाय की. महिलांसाठी स्वतंत्र कक्ष असावा, त्याची प्रमुख स्त्रीच असावी. आमी बी वाचतो, कोकरे बाई."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सुकन्याला बरं वाटलं असतं.

"पण त्यांना दुधातलं कळतं, आबा. ते केंद्र त्यांनी उभं ठेवलंय."

"कोण न्हाय म्हणतंय? पण उन्हातान्हात ओट्यावर उभं ऱ्हायचं, गड्यामाणसांशी हुज्जत घालायची, हे बाईमाणसाचं काम हाय व्हय? आमी तिला बहिणीच्या जागी मानलं, म्हणून आजवर कुणी वाकडा शब्द काढला न्हाय." आबा थांबले. मग खाली बघत म्हणाले, "आन् चहाचं म्हणाल, तर तिनं येकदा तोंडानं सांगायचं मला. मी काय वाघ हाय? परक्याच्या तोंडनं गावभर कशाला?"

त्यांचे डोळे खरोखर ओलावले होते. सुकन्यानं जुळवलेलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही.

महिला कक्ष मुख्य कचेरीच्या वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला होता. टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर रांगोळी स्पर्धेचा तक्ता. नकोशीताई हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाची यादी करत बसल्या होत्या. सुकन्या दारातच रडायला लागली.

"ये, बस. हितं कोण येत न्हाय. रडायला जागा चांगली हाय."

"ताई, माझ्यावर रागवा. काहीतरी बोला."

"राग न्हाय असं म्हणत न्हाय मी. हाय." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "नाव घालू नको म्हणले, तू घातलं न्हाय. खोटं वागली न्हाईस. पण मी ओट्यावरची बाई, मला असल्या पुस्तकातलं काय कळतंय? तू त्यातलं शिकल्याली. माझ्यासारखी दुसरी न्हाय हे तुलाच ठावं हुतं की गं."

सुकन्यानं डोळे पुसले आणि खुर्ची ओढून घेतली.

"सकाळी पाचला जाग येती अजून," ताई थोड्या वेळानं म्हणाल्या. "उठून बसते. हितं अकराला यायचं असतंय. तवर काय करायचं ते उमजत न्हाय."

दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि सांगवीला भावाकडं राहायला गेल्या. त्यांच्यामागं केंद्र बुडालं वगैरे काही झालं नाही. रामहरी माणूस वाईट नव्हता. दूध येत राहिलं, टँकर जात राहिला. नवा एखादा गडी साहेब कुठं म्हणून विचारी, त्याला लगेच साहेब सापडे. महिला कक्षाला वर्षभरानं कुलूप लागलं.

प्रबंध बांधायला टाकण्याआधी सुकन्यानं चौथ्या प्रकरणातली पंधरा पानं काढली. नळीतलं फाटलेलं दूध, बर्फाच्या लाद्या, कजाग आणि शिस्तीचा, चहा, सगळंच. सर वैतागले. "मग उरतं काय? नुसती टक्केवारी!" ती म्हणाली, "राहू दे, सर." शिफारशींचं पानही तिनं फाडलं. ती बेताच्या श्रेणीत पास झाली. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारला की काम नेटकं आहे, पण जिवंत माणसं दिसत नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात बांधलेली एक प्रत घेऊन ती सांगवीला गेली. वाटेत तिला वाटत होतं, आपण निदान एवढं तरी बरं केलं. ताईंना कुणी पुन्हा बोट दाखवू शकणार नाही.

ताईंचे भाऊ दादासो ओसरीवर बसले होते. हातातलं जाडजूड बाड बघून ते उठलेच. "हेच का ते पुस्तक? आक्का कवाधरनं म्हणतीया, माझं सगळं येणार हाय पुस्तकात. ए आक्का, आलं बघ तुझं पुस्तक!"

नकोशीताई आतून आल्या. वाळल्या होत्या, केस बरेच पिकले होते. हात पदराला पुसून त्यांनी प्रबंध मांडीवर घेतला आणि चष्मा लावला. एकेक पान उलटत त्या सावकाश वाचत गेल्या. दादासो शेजारी उकिडवे बसून कागदाकडं आणि बहिणीच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते. चौथं प्रकरण आलं आणि गेलं. ताईंनी चार पानं मागं उलटली, पुन्हा पुढं आल्या.

"मी कुठं हाय गं ह्यात?"

"काढलं, ताई. तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून."

"सगळंच?"

"हो."

ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "आईचं पण?"

सुकन्यानं होकारार्थी मान डोलावली.

"मला इचारायचं तरी," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "व्हायचं ते होऊन गेलं हुतं. केंद्र गेलं, नोकरी गेली. निदान कुठंतरी लिहून ऱ्हायलं असतं."

दादासो उठून गोठ्याकडं गेले. ताई पुन्हा पानावर वाकल्या. कोष्टक क्रमांक नऊ होतं. अधिकारपदावरील एकूण स्त्रिया, अकरा. त्याखाली एक ओळ : संपूर्ण केंद्राची स्वतंत्र जबाबदारी असलेल्या, एक. टक्केवारी नऊ पूर्णांक नऊ शतांश.

त्यांनी त्या आकड्यावर बोट टेकवलं. "हा येक म्हंजे मी व्हय?"

"हो, ताई."

बराच वेळ बोट तिथंच होतं. मग त्यांनी बाड मिटलं आणि तिच्यापुढं धरलं.

"ठेवा ना, ताई. तुमच्यासाठीच आणलंय."

"नगं. हितं कोण वाचणार?" त्या उठल्या. "बस, भाकरी टाकते. जेवल्याबिगर जाऊ नको."

त्या आत गेल्या. सुकन्या ओसरीवर बाड मांडीवर घेऊन बसून राहिली.